गोळी घेतली की तवा फिरतो

नमस्कार ताई, मी कराडजवळ राहते, वय ५६. घरातूनच पोळी-भाजीच्या डब्यांचं काम आहे, रोजचे ४० डबे, त्यातले १५ मी स्वतः स्कूटीवर पोचवते. मागच्या दिवाळीच्या आधी डाव्या बाजूला छातीखालून पार पाठीपर्यंत नागीण उठली. फोड महिन्याभरात वाळले पण आतली आग गेलीच नाही, ब्लाऊजचं कापड घासलं तरी चटका बसल्यासारखं होतं. डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या, आधी रात्री एक, मग सकाळ-रात्र. दुखणं निम्म्यावर आलंय हे खरं. पण पहाटे साडेचारला चहाबरोबर गोळी घेते आणि सहाला गॅसपुढे उभी राहिले की डोळ्यापुढे तवा फिरतो. उसळीत दोनदा मीठ पडलं, एका गिऱ्हाइकाने डबाच बंद केला. वजन ६ किलो वाढलं, पाय इतके सुजतात की जोडवी काढून ठेवलीत, तोंडाला कोरड, पोट साफ होत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. सून म्हणाली या गोळ्यांचं व्यसन लागतं, बंद करा, म्हणून ३ दिवस सगळ्या नसांच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झोप उडाली, घामाने भिजले, मळमळ, आणि आग डबल. परत चालू केल्या. डॉक्टर म्हणतात होईल सवय. आता मी दुखणं सोसू का गोळ्या सोसू?

माझ्या गोळ्या लिहिते. प्रेगाबॅलिन ७५ + नॉरट्रिप्टिलिन १०, सकाळ-रात्र. कंबरेच्या डॉक्टरांनी ४ महिन्यांपूर्वी दिलेली गॅबापेन्टिन ३०० + मिथाइलकोबालमिन, रात्री. शुगरची मेटफॉर्मिन दोन वेळा, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५. सर्दी झाली तर मेडिकलमधून आणते ती गोळी.

*

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा वरून खाली आणि दुसऱ्यांदा फक्त त्या शेवटच्या ओळी, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच पडलंय आणि ते तुम्हीच लिहून पाठवलंय. देव तुमचं भलं करो की तुम्ही स्ट्रिपवरची औषधांची नावं उतरवून काढलीत, नाहीतर मला येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत "एक गुलाबी गोळी आणि एक कॅप्सूल" एवढंच असतं.

प्रेगाबॅलिन आणि गॅबापेन्टिन या सख्ख्या बहिणी आहेत. स्ट्रिप वेगळी, कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं, डॉक्टर वेगळे, दुखणं वेगळं, पण शरीरात गेल्यावर दोघी एकाच दारात जाऊन बसतात. म्हणजे कसं, नसेनं दुखण्याचा निरोप पुढं द्यायचा तर तिच्या टोकाशी कॅल्शियम आत यावं लागतं, त्या कॅल्शियमच्या दाराला या गोळ्या चिकटतात आणि ते पुरतं उघडू देत नाहीत, निरोप कमी जातात, आग कमी वाटते. आता एक बहीण दारात बसलेली असताना दुसरीला पण तिथंच नेऊन बसवलं की दुखणं त्या मानाने कमी होईलच असं काही नाही, पण चक्कर, गुंगी, पायाची सूज, शब्द हरवणं ही मात्र दोघींची बेरीज होते. जरा आठवून बघा, तवा फिरायला लागला तो नागिणीच्या गोळीनंतर लगेच, का कंबरेची गोळी सुरू झाल्यावर? मला वाटतं दुसरं. कंबरवाल्या डॉक्टरांना तुम्ही कंबर सांगितली, नागीणवाल्यांना नागीण, आणि मधे कुणी दोन्ही स्ट्रिपा एका टेबलावर ठेवल्याच नाहीत. हे आपल्याकडे इतकं कॉमन आहे की यात कुणाला शिव्या घालण्यात अर्थ नाही, पण दुरुस्त मात्र या आठवड्यात व्हायला पाहिजे. दुरुस्त म्हणजे तुम्ही स्वतः एक बंद करायची असं नाही हां, परत तोच ३ दिवसांचा प्रकार होईल, आणि कुठली ठेवायची कुठली उतरवायची हे डॉक्टरांचं काम.

मी डॉक्टर नाही हे इथं एकदा सांगून टाकते. माझे तळपाय ८ वर्षं जळतात, शुगरमुळं, आणि या दोन्ही बहिणी माझ्याही घरी राहून गेल्यात, एक अजून आहे. पहिल्या वर्षी एकदा मी ओट्यापाशी उभी राहून नवऱ्याला सांगत होते की मला ते द्या, ते, अहो ते गरम भांडं धरायचं, आणि "सांडशी" हा शब्द काही केल्या येईना. ३५ वर्षं रोज हातात धरलेली वस्तू. हे हसले, मी पण हसले, आणि नंतर बाथरूममधे जाऊन रडले कारण मला वाटलं आपलं आईसारखं व्हायला लागलं, तिला शेवटी कुणीच ओळखू यायचं नाही. तसं काही नव्हतं, डोस कमी केल्यावर दोन आठवड्यात सांडशी परत आली. तुमचे शब्द पण परत यायची शक्यता खूप आहे, फक्त डॉक्टरांना "विसरायला होतं" एवढंच सांगू नका, त्यांना वाटतं वय झालं. "गोळी वाढवल्यापासून बोलताना शब्द अडकतो, पूर्वी असं नव्हतं" हे असं सांगा.

नागिणीबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिलं नसलं तरी मला खात्री आहे की गावात कुणीतरी तुम्हाला ते तोंड आणि शेपूट जुळलं की संपलं वगैरे ऐकवलंच असेल आणि गेरूचा लेप पण झाला असेल. ती जुळत नाही, नस शरीराच्या एका बाजूनेच मणक्यापासून पुढं येते म्हणून पट्टा पण साधारण एकाच बाजूला उठतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो व्हायरस मणक्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून राहतो, वर्षानुवर्षं, आणि वय वाढलं, शुगर असली, अंगातली ताकद कमी पडली की उठतो आणि नसेवरून चालत कातडीपर्यंत येतो. फोड वाळतात पण जाताना नसेला दुखापत करून जातो, आणि दुखावलेली नस खोटं बोलायला लागते, कापड लागलं तर आग म्हणून सांगते, पंख्याचा वारा लागला तर सुई म्हणून सांगते. म्हणून तर साधी पेनकिलर तिथं चालत नाही, ती सूज आणि मार यासाठी आहे, खोटं बोलणाऱ्या नसेला तिचं काय. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत व्हायरसवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरं पडतं, तुमची ती वेळ गेली, पण घरात दुसऱ्या कुणाला असा एका बाजूचा पट्टा उठला तर गेरू शोधत बसू नका. आणि ५० च्या पुढच्यांसाठी २ डोसची लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते, महाग आहे, पण तुमच्या मिस्टरांसाठी आणि बरं झाल्यावर तुमच्यासाठी सुद्धा डॉक्टरांना विचारून ठेवा. यातली एक चांगली गोष्ट अशी की ही आग बऱ्याच जणांची महिन्यांच्या हिशोबात हळूहळू उतरते, म्हणजे या गोळ्या जन्मभराच्या गळ्यात पडल्यात असं धरून चालू नका.

आता साडेचारचा चहा.

प्रेगाबॅलिन रिकाम्या पोटी घेतली की साधारण दीड तासात रक्तात सगळ्यात जास्त चढते. तुम्ही साडेचारला घेता, दीड तास म्हणजे सहा. सहाला तुम्ही तव्यापुढं. म्हणजे गोळीचा जोर ज्या मिनिटाला सगळ्यात जास्त त्याच मिनिटाला तुम्ही गरम तवा, उकळती आमटी आणि ४० डब्यांचा हिशोब घेऊन उभ्या, मुहूर्त काढून दिला असता तरी इतका बरोबर जमला नसता! तीच गोळी जेवणाबरोबर घेतली तर चढायला ३ एक तास लागतात आणि जोर पण पाव हिश्शाने वगैरे कमी चढतो, एकूण औषध अंगाला तेवढंच मिळतं. मग डॉक्टरांना विचारा की सकाळची गोळी डबे पोचवून आल्यावर, म्हणजे साडेदहा-अकराला नीट नाश्ता करून घेतली तर चालेल का, आणि दोन वेळांच्या डोसमधे रात्रीचा मोठा सकाळचा छोटा असं करता येईल का. प्रेगाबॅलिन २५ आणि ५० ची पण मिळते, सगळ्यांनाच सरसकट ७५ लागते असं नाही. मला स्वतःला रात्रीची एक ७५ पुरते, दिवसा थोडी आग राहते, ती मी पायात चप्पल घालून आणि जरा बडबड करून निभावते.

पण इथं एक अडचण आहे आणि ती तुमच्या स्ट्रिपमधेच आहे. तुमची गोळी ही जोडगोळी आहे. प्रेगाबॅलिनच्या आत नॉरट्रिप्टिलिन पण भरलंय, आणि नॉरट्रिप्टिलिन हे मुळात डिप्रेशनसाठीचं जुनं औषध, कमी डोसमधे नसांच्या दुखण्यावर वापरतात, गुंगी आणतं म्हणून साधारणपणे रात्रीच देतात. तुमच्या पोटात ते सकाळीही जातंय. तोंडाची कोरड आणि पोट साफ न होणं हे बहुतेक त्याचंच काम, आणि बसल्याचं उठताना बीपी पटकन खाली येऊन अंधारी येणं हे पण त्याच्या स्वभावात आहे. जोडगोळीचा त्रास असा की त्यातलं एकच कमी करायचं म्हटलं तर करता येत नाही, चहात एकदा साखर पडली की काढता येते का. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा की मला दोन्ही औषधं सुटी लिहून द्या, म्हणजे कुठलं कधी आणि किती हे बघता येईल. सुट्या गोळ्यांना डबी थोडी मोठी लागेल, एवढंच. आणि तुम्हाला काचबिंदू असेल, हार्टचा कधी काही प्रॉब्लेम झालेला असेल किंवा लघवीला अडखळत असेल तर नॉरट्रिप्टिलिनच्या आधी हे सांगायलाच पाहिजे, बरेच जण सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं डोळ्याचा आणि नागिणीचा काय संबंध.

डॉक्टर म्हणाले "होईल सवय". निम्मं खरं आहे. चक्कर आणि झोप या पहिल्या काही आठवड्यांच्या पाहुण्या असतात, डोस वाढवला की परत चार दिवस मुक्कामाला येतात आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत जातात. वजन आणि पायाची सूज यांचं उलटं असतं, त्या सुरुवातीला दिसत नाहीत आणि दिवस जातील तशा वाढतात, त्यांची सवय वगैरे काही होत नाही. तेव्हा जोडवी काढायची वेळ आली हे "होईल सवय" मधे बसत नाही, ते परत सांगायला जायचं. त्यात बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ही स्वतःच घोट्यापाशी सूज आणणारी गोळी म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणजे तुमच्या पायाला दोन नाही तीन जणी मिळून सुजवतायत. बीपीची गोळी बदलता येते, पर्याय आहेत, पण ती पण स्वतःहून थांबवायची नाही. मीठ कमी, संध्याकाळी पाय उशीवर, सगळं करा, पण मूळ कारण गोळ्यांच्या डबीत असताना नुसत्या उशीनं काय होणार. आणि सूज आहे म्हटल्यावर हार्ट आणि किडनी एकदा बघून घेऊ दे, सगळंच गोळीवर ढकलून मोकळं होणं बरोबर नाही.

किडनीचं मुद्दाम लिहिते कारण तुम्हाला शुगर आहे. या दोन्ही बहिणी शरीरात फारशा मोडत नाहीत, जवळजवळ जशाच्या तशा किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतात. किडनी थोडी मंदावली असेल, आणि शुगर-बीपीवाल्यांची बरेचदा न कळत मंदावलेली असते, तर आजची गोळी पुरती बाहेर पडायच्या आत उद्याची येऊन बसते आणि ७५ ची गोळी अंगात दीडशेसारखी वागते. रक्तातलं क्रिएटिनिन ही साधी स्वस्त टेस्ट आहे, शेवटची कधी केली बघा, रिपोर्ट शोधून डॉक्टरांकडे न्या, नसेल तर करून घ्या. ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं असतं त्यांचा डोस त्या हिशोबाने कमीच ठेवायचा असतो.

वजनाचं मला लाजत लाजत सांगावं लागेल, माझं ९ किलो वाढलं होतं. या गोळ्या भूक लावतात, आणि ती भूक रात्री दहाला लागते, भाकरीची नाही तर फरसाणाची. तुमचं तर कामच अन्नाचं, चव बघता बघता किती जातं ते कळत पण नाही. शुगरवाल्या बाईला ६ किलो म्हणजे गंमत नाही, शुगर पण वर सरकली असेल, तपासा. मी रात्रीच्या भुकेला भाजलेले चणे आणि ताक ठेवलं, सुरुवातीला चिडचिड झाली, मग जमलं, ४ किलो उतरले, बाकीचे ५ अजून आहेत आणि त्यांच्याशी माझं आता भांडण नाही. पोटासाठी इसबगोल आणि पाणी, पण इसबगोल गोळ्यांच्या वेळेपासून जरा लांब ठेवा. तोंडाच्या कोरडीला बडीशेप चघळली तरी लाळ सुटते, साखरेच्या गोळ्या चोखू नका. आणि कोरड्या तोंडात दात लवकर किडतात हे मला एक दाढ गमावल्यावर कळलं.

तुमच्या सुनेवर रागावू नका, तिने काळजीनेच सांगितलं. पण तिने दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या. व्यसन म्हणजे माणूस औषधाच्या मागं धावतो, जास्त जास्त घेतो, लपवून घेतो. तसं या गोळ्यांचं काही लोकांच्या बाबतीत होतं, खोटं नाही, ब्रिटनमधे २०१९ पासून या दोन्ही गोळ्या कंट्रोल्ड औषधांत टाकल्यात. पण तुम्ही ३ दिवसात जे भोगलं, झोप उडणं, घाम, मळमळ, त्याचा अर्थ एवढाच की शरीराने त्या गोळीला धरून आपली घडी बसवली होती आणि तुम्ही ती घडी एका झटक्यात ओढून काढलीत. या गोळ्या उतरवतात, बंद करत नाहीत. कमीतकमी आठवडाभर, आणि बरेच महिने घेतलेल्यांना त्याहून हळू, थोडी थोडी कमी करत. तुम्ही कमजोर आहात किंवा अडकलात असं काही नाही. सुनेला हा परिच्छेद वाचून दाखवा, आणि डॉक्टरांकडे तिलाच बरोबर न्या, जी घरात बोलते ती तिथं पण बोलेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुखणं सोसू का गोळ्या सोसू. ताई, तुम्ही भाजी आणता तेव्हा बाईने ८० सांगितले तर ८० देता का? नाहीतर काय, भाजी न घेता घरी येता? घासाघीस करता. इथंही तेच करायचंय, फक्त आपल्याला वाटतं डॉक्टरांपुढं घासाघीस शोभत नाही. शोभते. पण घासाघीस करायला आपल्याला नक्की काय पाहिजे ते माहिती पाहिजे. नसांच्या दुखण्यात शून्यावर आणून देणारी गोळी जवळजवळ कुणाला मिळत नाही, औषधांच्या चाचण्यांत सुद्धा दुखणं ३० टक्के उतरलं तर उपयोग झाला म्हणतात आणि ५० टक्के म्हणजे चांगलाच झाला. तुमचं निम्म्यावर आलंय, म्हणजे औषध लागू पडलंय, वाया गेलेलं नाही. मग आता तुम्ही असं सांगायचं, "मला सकाळी सहा ते दहा डोकं स्वच्छ पाहिजे, त्याच्यासाठी दुपारी थोडी जास्त आग झाली तरी चालेल." हे वाक्य कुठल्याही डॉक्टरांना "चक्कर येते" यापेक्षा दहापट कामाचं आहे, कारण त्याच्यावर त्यांना डोस बसवता येतो. दुसऱ्या कुणाला रात्रीची झोप पाहिजे असेल, तिसऱ्याला नातवाला उचलायचं असेल, त्यांची गोळी वेगळी बसेल. जाण्याआधी आठवडाभर कॅलेंडरवरच लिहा, गोळी किती वाजता, चक्कर किती वाजता, आग दहात किती. दूधवाल्याचा हिशोब लिहिता तसं.

गोळीशिवाय बाहेरून लावायचं पण असतं, ते विचारलंय का कुणी? लिडोकेनचा पट्टा किंवा मलम, फोड पूर्ण वाळलेल्या, न फाटलेल्या कातडीवर, पट्टा १२ तास लावायचा आणि १२ तास काढायचा. ते जागच्या जागी बधिर करतं, डोक्यात फारसं जात नाही, म्हणजे तवा फिरत नाही. दुसरं म्हणजे कॅप्सेसिनचं मलम, हसू नका, मिरचीतलं जे तिखट असतं तेच ते, रोज लावत राहिलं की नस काही आठवड्यांनी थकून गप्प होते. पहिले काही दिवस अशी आग होते की माणूस मलम गटारात फेकतो. आणि हात साबणाने धुवायचे, ठेचा वाटून डोळ्याला हात लावल्यावर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. एवढं करून भागलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात पेन क्लिनिक असतं, तिथं नसेला इंजेक्शन देऊन बधिर करण्यापर्यंत उपाय आहेत. आणि ब्लाऊजच्या आत जुन्या मऊ सुती साडीचा एक तुकडा अंगालगत, शिवणीची बाजू बाहेर. कुणाला सैल कपडा सहन होतो कुणाला उलट घट्ट, कारण सैल कापड हलत राहतं आणि घासतं. दोन्ही करून बघा.

तोपर्यंत स्कूटी नको. खरंच नको. ते १५ डबे भाच्याला, शेजारच्या पोराला, कुणालाही द्या, डब्यामागं ५ रुपये द्यायला लागले तरी द्या. तव्यापुढं उंच स्टूल घ्या. पहाटे उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, मग उभं राहा, आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. सर्दीची ती मेडिकलमधली गोळी, तिच्यात बहुतेक वेळा झोप आणणारं औषध असतंच, ते या दोघींवर पडलं की दिवसभर भिंत धरून चालावं लागेल, मेडिकलवाल्याला सांगायचं की मी नसांच्या गोळ्या घेते, झोप न आणणारी दे. खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रॅमाडॉलवाली पेनकिलर, झोपेची गोळी, यातलं काहीही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना न सांगता घेऊ नका, ते सगळं मिळून श्वास मंद करू शकतं.

आणि काही गोष्टींसाठी थांबायचं नाही, कॅलेंडर पण लिहायचं नाही, थेट दवाखाना. चेहरा, ओठ किंवा जीभ सुजली, अंगावर पुरळ आणि फोड आले, दम लागायला लागला किंवा पायाच्या सुजेबरोबर श्वास लागला, लघवी अडली, नजर एकदम धूसर झाली, तुम्हाला उठवताना घरच्यांना त्रास पडला. आणखी एक, या गोळ्यांनी काही जणांचं मन फार खाली जातं, जगून काय करायचं असं वाटायला लागतं. तसं एकदा जरी मनात आलं तरी ते तुमचं मन नाही, गोळी पण असू शकते, त्याच दिवशी घरात सांगा आणि डॉक्टरांना सांगा, रात्र असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

एक राहिलं. कंबरेची गोळी उतरवायची ठरली तर तिच्यात मिथाइलकोबालमिन आहे, म्हणजे बी-१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं आणि ते कमी झालं की नसांची कुरकुर वेगळीच सुरू होते, तेव्हा त्याची गोळी सुटी चालू ठेवायची का हे त्याच फेरीत विचारून घ्या, नाहीतर एक दुखणं मिटवताना दुसरं घरात घ्याल.

पत्र रविवारी वाचत असाल तर उद्या दवाखाने उघडे आहेत. डबे गेले की दोन्ही स्ट्रिपा हातात घेऊन नागिणीच्या डॉक्टरांना फोन करा आणि फक्त दोन नावं वाचून दाखवा, प्रेगाबॅलिन आणि गॅबापेन्टिन, पुढचं ते विचारतील.